सोलापुरात राहून विनाइल घ्यायचं तर: एका जुन्या रॉकप्रेमीचा सल्ला

रॉक ऐकणारी तरुण मुलं भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "काका, विनाइल, म्हणजे सुईवर वाजणाऱ्या रेकॉर्ड, घ्याव्यात का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्या, पण निवडून घ्या, आणि कोणता अल्बम कोणत्या छपाईत, म्हणजे रेकॉर्डच्या कोणत्या आवृत्तीत, घ्यायचा हे कळल्याशिवाय पैसे काढू नका. नवी रॉक एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) आज साधारण अडीच-तीन हजारांपासून सुरू होते, डबल अल्बम त्याच्या बराच वर जातो. एवढे पैसे मोजून घरात आणलेली गोष्ट वर्षानुवर्षं ऐकली गेली पाहिजे.

माझ्या पिढीने सोलापुरात रॉक ऐकला तो कॅसेटवर. एलपी असायची ती कुणाच्या तरी थोरल्या भावाकडे, मुंबईहून आणलेली, आणि तिला हात लावायलाही परवानगी लागायची. पुढे सीडी आली, मोबाईल आला, आणि रेकॉर्डचं युग संपलं असं सगळ्यांनी धरून टाकलं. पण २०२२ मध्ये अमेरिकेत एलपींची विक्री नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदाच. मागणी आली तसे जुने अल्बम धडाधड पुन्हा छापले जाऊ लागले. त्यांत जीव ओतून केलेलं काम आहे, तसंच घाईत उरकलेलंही आहे. कव्हर दोन्हींचं सारखंच चकचकीत असतं, म्हणून निवड शिकावी लागते.

आधी अल्बम ठरवा

विनाइलवर काय घ्यावं याची माझी कसोटी एकच आहे: तो अल्बम दोन बाजूंचा विचार करून रचला होता का? १२ इंची, मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांची एलपी कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रॉकवाल्यांनी तिच्या मर्यादेलाच रचनेचा भाग करून घेतलं. पिंक फ्लॉईडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा १९७३ चा अल्बम सगळा मिळून जेमतेम ४३ मिनिटांचा आहे. त्याची पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'मधल्या शब्दांवाचूनच्या गाण्यावर विरते आणि दुसरी 'मनी'तल्या नाण्यांच्या खणखणाटाने उघडते. मधे उठून रेकॉर्ड उलटायला जो वेळ लागतो तो त्या अल्बमला हवा असतो. लेड झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमची पहिली बाजू 'स्टेअरवे टू हेवन'वर संपते. ते गाणं संपल्यावर लगेच दुसरं कानावर आदळू नये असं वाटतं, आणि एलपीवर ते आदळत नाही.

यामागे भौतिक कारणही आहे. एका बाजूवर साधारण १८ ते २२ मिनिटं संगीत आरामात बसतं. त्याहून जास्त कोंबलं की ग्रूव्ह, म्हणजे सुई चालते त्या खाचा, एकमेकांजवळ आणावे लागतात, मग आवाजाची पातळी आणि बास दोन्ही कमी करावे लागतात. शिवाय फेऱ्यांचा वेग कायम असला तरी सुईखालून ग्रूव्ह सरकण्याचा वेग कायम नसतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर, तर आत लेबलजवळ सुमारे २१ सेंटिमीटर असतो. तेवढीच माहिती कमी जागेत वाचायची म्हटल्यावर बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि झांजा फाटल्यासारख्या ऐकू येतात. पूर्वीचे निर्माते हे ओळखून शेवटी बऱ्याचदा संथ गाणं ठेवत.

म्हणून अल्बम घेण्याआधी त्याची लांबी बघा. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' १९८५ मध्ये आला तेव्हा सीडीवर पूर्ण गाणी होती, एलपीवर त्यांतली काही कापून बसवलेली. पिंक फ्लॉईडचा १९९४ चा 'द डिव्हिजन बेल'ही त्या वेळी एका एलपीवर छाटून आला. पूर्ण लांबीचा विनाइल अल्बम २०१४ मध्ये, दोन रेकॉर्डवर निघाला. अशा अल्बमची जुनी मूळ प्रत शोधण्यात अर्थ नाही, नंतरची डबल एलपीच घ्यावी.

नव्वदच्या दशकानंतरच्या बऱ्याच रॉकबद्दल माझं मत कडक आहे. ते संगीत सीडीसाठी केलेलं, साठ-सत्तर मिनिटांचं, आणि पुष्कळदा मास्टरिंग (छपाईआधीचं शेवटचं संस्करण) करताना इतकं दाबून मोठं केलेलं की हळू आणि जोरात यांतला फरकच उरत नाही. मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वर याच कारणाने चाहत्यांनीच झोड उठवली होती. तीच दाबलेली फाइल विनाइलवर कोरली तर तिच्यात नवं काही येत नाही. असे अल्बम सीडीवर किंवा मोबाईलवर ऐका आणि वाचलेल्या पैशात १९६६ ते १९८० या काळातलं काहीतरी उत्तम छपाईत घ्या.

प्लेअर: इथे काटकसर केली तर रेकॉर्ड भरपाई करते

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर भेट म्हणून फार दिले जातात. त्यांत बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) असतं आणि सुई पाच-सहा ग्रॅम वजनाने रेकॉर्डवर दाबते. चांगल्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. तीन हजारांची रेकॉर्ड अशा प्लेअरवर लावू नये. माळ्यावर जुना एचएमव्ही फिएस्टा सापडला असेल तर तो आजोबांची आठवण म्हणून पुसून ठेवा, त्यावर आजोबांच्याच रेकॉर्ड वाजवा, नवी एलपी नको.

सुरुवातीला दोन रस्ते आहेत. ज्याला फार जुळवाजुळव नको त्याने ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी६०एक्ससारखा पूर्ण ऑटोमॅटिक प्लेअर घ्यावा. त्यात सुईचं वजन कारखान्यातच ठरवलेलं असतं आणि प्रीअँप (त्याबद्दल पुढे) आतच असतो. ज्याला पुढे सुई-कार्ट्रिज बदलत जायचं आहे त्याने मागे काउंटरवेट (सुईचा दाब ठरवणारं फिरतं वजन) असलेला प्लेअर घ्यावा, उदाहरणार्थ त्याच कंपनीचा एटी-एलपी१२०एक्स, किंवा रेगा आणि प्रो-जेक्टचे सुरुवातीचे मॉडेल. माझा कल दुसऱ्या रस्त्याकडे आहे, कारण सुई ही झिजणारी वस्तू आहे आणि ती सुधारली की आख्खा संग्रह सुधारतो.

प्रीअँप का लागतो तेही समजून घ्या. रेकॉर्ड कोरताना बास मुद्दाम कमी आणि तीव्र स्वर मुद्दाम जास्त केलेले असतात, नाहीतर ग्रूव्ह मावणार नाहीत. १९५४ पासून यासाठी आरआयएए हे एकच प्रमाण रूढ झालं. वाजवताना ते उलट करण्याचं काम फोनो प्रीअँपचं. अ‍ॅम्प्लिफायरवर 'फोनो' असं लिहिलेली जागा असेल तर वेगळा प्रीअँप नको. दोन्ही एकदम वापरले तर आवाज फाटतो.

जोडणी अशी करा. प्लेअर भक्कम, सपाट जागेवर ठेवा आणि गवंडी वापरतात त्या स्पिरिट लेव्हलने प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायचं फिरतं ताट) तपासा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका, त्याची थरथर सुईत शिरते आणि बास गुरगुरायला लागतो. मग अँटी-स्केटिंग (सुई आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणून दिलेला ताण) शून्यावर ठेवून, सुईचं झाकण काढून, टोनआर्म (सुई धरणारा दांडा) हवेत आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट फिरवा. तिथे वजनाची चकती शून्यावर आणा. आता वजन आणि चकती दोन्ही एकत्र फिरवून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर थांबा. एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजला २ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या २एम रेडला १.८ ग्रॅम. अँटी-स्केटिंगही त्याच आकड्यावर ठेवा. सुई मोजायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्याच. कमी वजन ठेवलं तर रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई ग्रूव्हमध्ये उड्या मारते आणि भिंती खरवडते.

सतत 'हम्म' ऐकू आलं तर प्लेअरची अर्थिंगची बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूला लावली आहे का ते बघा. पेठेतल्या जुन्या घरांत भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थिंग नसतं, ते वायरमनकडून आधी करून घ्या.

कुठली छपाई?

याच ठिकाणी बहुतेकांचे पैसे वाया जातात. एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वर्षांच्या अनेक छपाया असतात, आणि फरक मुख्यतः दोन गोष्टींत असतो: मास्टर (ज्यावरून रेकॉर्ड कोरतात ते ध्वनिमुद्रण) कुठून घेतला आणि तो कुणी कोरला. २००० मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर जवळपास प्रत्येक छपाईची नोंद सापडते. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी रिकामी पट्टी असते तिच्यावर कोरलेली अक्षरं आणि आकडे उजेडात तिरपे धरून वाचा आणि तिथल्या नोंदीशी ताडून बघा. 'लेड झेपलिन टू'च्या १९६९ च्या पहिल्या अमेरिकन छपाईवर 'आरएल' ही दोन अक्षरं असतात, म्हणजे रॉबर्ट लुडविग या इंजिनिअरने कोरलेली प्रत. ती नंतरच्या छपायांपेक्षा कितीतरी दणदणीत वाजते आणि त्या दोन अक्षरांसाठी संग्राहक भारी किंमत मोजतात.

नव्या छपाईतही असाच फरक असतो. बीटल्सचे स्टिरिओ अल्बम २०१२ मध्ये विनाइलवर आले ते २००९ च्या डिजिटल रीमास्टरवरून. २०१४ चे मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने येणारे) अल्बम मात्र थेट मूळ टेपवरून कोरले गेले. सुरुवातीचे बीटल्स घ्यायचे तर माझं मत मोनोला. त्या काळी त्यांनी स्वतः जीव लावून मिश्रण केलं ते मोनोचंच. दुसरीकडे महागडी छपाई म्हणजे थेट टेपवरूनच कोरलेली असंही धरू नका. मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या अनेक छपायांत मधे डिजिटल टप्पा असतो हे २०२२ मध्ये उघड झालं आणि मोठं वादळ उठलं. गंमत अशी की त्याच रेकॉर्ड लोकांनी तोवर आवाजासाठी वाखाणल्या होत्या. काम नीट केलेलं असेल तर डिजिटल टप्प्याने बिघडत नाही, पण विक्रेत्याने खरं सांगितलं पाहिजे.

१८० ग्रॅमच्या शिक्क्यावर भुलू नका. जाड रेकॉर्ड हातात छान वाटते, पण ग्रूव्हमध्ये जे आहे तेच ऐकू येतं. चित्र छापलेल्या पिक्चर डिस्क भिंतीवर लावायला घ्या, त्यांत खरखर जास्त असते.

भारतीय छपाईबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या हाती तीच लागण्याची शक्यता जास्त. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात बीटल्स, पिंक फ्लॉईड यांच्या एलपी छापल्या गेल्या. परदेशी प्रतींपेक्षा त्यांची कव्हरं बहुधा पातळ असतात, पण रेकॉर्ड चांगल्या स्थितीत असेल तर ऐकायला समाधानकारक असते आणि किंमत आवाक्यात राहते. परदेशात यांनाच आता मागणी आहे, त्यामुळे विक्रेते भाव चढवतात. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डही आपल्याकडे निघत होत्या. अशी सापडली तर नशीब समजा, पण एलपीची सुई तिच्यावर टेकवू नका. तिचे ग्रूव्ह कितीतरी रुंद असतात, तिला वेगळी सुई लागते. आणि ती स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

नकली प्रतींपासून सांभाळा. अनोळखी लेबल, 'रेडिओ ब्रॉडकास्ट' असा उल्लेख, धूसर छापलेलं कव्हर, रिकाम्या पट्टीवर नीट क्रमांक नसणं, किंवा प्रसिद्ध अल्बम रंगीत विनाइलवर निम्म्या किमतीत, यांतलं काहीही दिसलं तर थांबा.

मिळेल कुठे?

सोलापुरातला भंगार बाजार आणि रद्दीची दुकानं फिरायला हरकत नाही. हाती लागतात त्या मुख्यतः हिंदी सिनेमाच्या, नाट्यसंगीताच्या, आणि आपलं गाव तीन-चार भाषांचं असल्यामुळे तेलुगू-कन्नड रेकॉर्ड. रॉक क्वचित. मुंबईचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, ती हळहळ अजून जात नाही. पण चोर बाजारात जुन्या रेकॉर्ड अजून मिळतात, आणि पुण्याचा जुना बाजार बुधवारी-रविवारी भरतो. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं. जुन्या बाजारात भाव करण्याआधी रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून उन्हात तिरपी धरा. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला जाणवणारा ओरखडा मात्र हमखास टकटक करतो. ग्रूव्ह काळे चकचकीत न दिसता राखाडी दिसत असतील तर ती जड सुईने झिजलेली आहे, ती धुऊन सुधारत नाही. मुंबई-कोकणातल्या संग्रहांत बुरशीचे पांढरे ठिपके असतात. रेकॉर्डवरचे धुतले जातात, कव्हरचा वास जात नाही.

ऑनलाइन घेताना प्रतीची श्रेणी समजली पाहिजे. 'मिंट'च्या खाली 'निअर मिंट', मग 'व्हीजी प्लस', मग 'व्हीजी'. नाव 'व्हेरी गुड' असलं तरी 'व्हीजी' म्हणजे सतत ऐकू येणारी खरखर. रॉकच्या गोंगाटात 'व्हीजी प्लस' खपून जाते, संथ, शांत गाण्यांच्या अल्बमला 'निअर मिंट'च बघा. परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि आयात शुल्क मिळून कधी कधी रेकॉर्डइतकेच पैसे जातात, म्हणून आधी देशातल्या विक्रेत्यांकडे शोधा. विक्रेत्याला सांगा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून पाठव, म्हणजे वाटेत आदळून कव्हरची शिवण फाटणार नाही. पार्सल फोडताना मोबाईलवर चित्रण करा.

सोलापूरकरांनी एप्रिल-मेमध्ये रेकॉर्ड मागवू नये हा माझा सगळ्यांत कळकळीचा सल्ला. विनाइल साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्याकडे पारा ४२-४३ वर असताना बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या गोदामात तेवढी उष्णता सहज होते, आणि एकदा वाकलेली रेकॉर्ड पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडला की मागवायला सुरुवात करा. उन्हाळ्यात घ्यायचीच असेल तर स्वतः जा आणि मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने रातोरात घेऊन या, पिशवी उभी ठेवून, तिच्यावर दुसरं सामान न रचता. स्टेशनवरून घरी जाताना गाडी मधे कुठे उन्हात लावून चहाला थांबू नका.

धुणं आणि ठेवणं

नवी रेकॉर्डसुद्धा वाजवण्याआधी कार्बन फायबरच्या ब्रशने झाडा. जुनी असेल तर ओली धुवा. बोअरचं जड पाणी त्यासाठी चालत नाही, वाळल्यावर ग्रूव्हमध्ये क्षार बसतात आणि ते टकटक होऊन ऐकू येतात. डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात बिनवासाच्या सौम्य लिक्विड साबणाचा थेंब टाका, लेबल कोरडं राहील असं धरून मायक्रोफायबरच्या कापडाने ग्रूव्हच्या दिशेने गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत पुसा आणि सावलीत उभी वाळवा. घरातला टॉवेल, मग तो आपल्या गावचा कितीही चांगला असो, वापरू नका, त्याचे तंतू ग्रूव्हमध्ये अडकतात.

रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नाही. आतलं कागदी पाकीट बदलून मऊ पॉलिथिनचं अस्तर असलेलं घ्या. बाहेरून पीव्हीसीचं प्लॅस्टिक चढवू नका, काही वर्षांत रेकॉर्डवर धुरकट थर येतो. पश्चिमेची भिंत, वरचा मजला, माळा या तिन्ही जागा टाळा. आपली कोरडी हवा कव्हरांना मुंबईपेक्षा कितीतरी मानवते, पण वाळवी आणि कसर पुठ्ठा आवडीने खातात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला मागून बघा. हिवाळ्यात हवा आणखी कोरडी होते, रेकॉर्डवर स्थिर वीज साठते आणि धूळ चिकटते. तेव्हा प्रत्येक बाजूआधी ब्रश फिरवावाच लागतो.

पैशांची वाटणी

पहिल्या वर्षी जेवढे पैसे बाजूला काढाल त्यातले निम्म्याहून जास्त प्लेअर, कार्ट्रिज आणि प्रीअँपवर घाला. उरलेल्यात पाच-सहा अल्बम पुरे, तेही तुम्हाला पाठ असलेले. ओळखीच्या अल्बममध्येच छपाईचा फरक कानाला कळतो. साधी शंकूसारखी किंवा लंबगोल टोकाची सुई साधारण ३०० ते ५०० तास टिकते. रोज एक एलपी ऐकणाऱ्याने सव्वा ते दोन वर्षांत ती बदलायची तयारी ठेवावी. वहीत तास लिहा. शेवटच्या गाण्यांत 'स' फाटू लागला की आकड्याची वाट बघू नका. आणि बदली सुई आधीच मागवून घरात ठेवा, कारण ती सोलापुरात ऐन वेळी मिळत नाही आणि झिजलेल्या सुईने वाजवलेली प्रत्येक बाजू कायमची खराब होते.